स्वेटर आणि पंखा

आज कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासासकट तो मरून रंगाचा स्वेटर हातात आला आणि मला एकटीलाच हसू फुटलं. बऱ्याच वर्षांपूर्वीचा, दिवाळीनंतरचा आठवडा होता तो. सुरतच्या हवेला काही ताळतंत्रच उरला नव्हता. सोमवारी घामाच्या धारा, मंगळवारी अवेळी पाऊस आणि बुधवारी पहाटे डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत चक्क शेकोटी! नेमका त्याच सकाळी वडिलांनी खानदेशात फोन लावला, "पोरीला बघायला रविवारी या. गरम कपडे घेऊन या, आठे थंडी पडेल शे," म्हणजे इकडे थंडी पडली आहे. रविवारी भट्टी पेटावी तसं ऊन पडलं. पाहुणे मात्र सांगितल्याप्रमाणे आले, मुलगा याच स्वेटरात आणि त्याचे वडील कोट-मफलरात. आईने पंख्याच्या बटणाकडे हात नेला तशी वडिलांनी डोळे वटारले. थंडी त्यांनीच सांगितलेली, आता पंखा लावायचा कोणत्या तोंडाने? "थंडी शे ना?" त्यांनी पाहुण्यांनाच विचारलं. "शे, शे," म्हणत मुलाच्या वडिलांनी मफलरने कपाळ पुसलं. तेवढ्यात मी वाफाळता चहा घेऊन बाहेर आले. मुलाच्या हनुवटीवरचा घाम टपकन बशीत पडला. मला राहवेना. "पंखा लावू का?" "हो!" तो इतक्या कळवळून म्हणाला की माझ्या वडिलांचाही नाइलाज झाला. "लाव," ते पुटपुटले, "पण एकवर." मघाशी तोच स्वेटर नाचवत मी यांना विचारलं, "खरं सांगा, तेव्हा पसंत कोण पडलं होतं, मी की पंखा?" हे वर बघत म्हणाले, "आधी तो पाचवर कर, मग सांगतो."