बॉम्बवाला दिगू

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला नातवाचे कपडे वाळत घालत होतो. फोन त्याच्या बायकोचा, शांतावहिनींचा. ‘‘भाऊजी, हे गेले,’’ एवढंच बोलल्या... हातातला ओला सदरा घेऊन मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. बावीस वर्षं अमरावती-अकोला गाडी मी चालवली आणि मागे कंडक्टर दिगू. त्याची घंटी वाजल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही.

निवृत्त झाल्यावर हा पठ्ठ्या चक्क नट झाला! टीव्हीसाठी सिनेमा निघत होता. गावोगावी बॉम्ब ठेवणारा एक माणूस आणि त्याच्या मागावरचे पोलीस. ज्याच्यावर कुणाचा संशय जाणार नाही असा चेहरा त्यांना हवा होता. तो त्यांना अमरावतीत, दिगूच्या घराजवळ राजापेठेत, चहाच्या टपरीवर सापडला. शूटिंग बघायला मीही गेलो. बसमध्ये सीटखाली बॅग ठेवायची आणि गुपचूप उतरायचं, एवढंच काम. दिगूने बॅग ठेवली, दोन पावलं गेला, आणि सवयीने वळून खणखणीत ओरडला, ‘‘बॅग कोनाची हाय हो? बेवारस ठेवू नका!’’ डायरेक्टरने कपाळावर हात मारला. ‘‘काका, बॉम्ब तुमचाच आहे!’’ असं तीनदा झालं. हसून हसून माझं पोट दुखलं.

सिनेमा लागला त्या दिवशी सगळी गल्ली त्याच्या घरी. फक्त वहिनी बहिणीकडे निघून गेलेल्या. शेवटी दिगू पकडला जातो, हे त्यांना कळलं होतं. ‘‘आपल्या मानसाले बेड्या पडलेल्या मी नाही पाहत. खोट्या असल्या तरी नाही.’’ पुढे कितीदा तरी तो विनवायचा, ‘‘अवं, एक डाव तरी पाय ना!’’ त्या ऐकायच्या नाहीत. गावभर शाबासकी मिळाली, पण त्याला हवी होती ती घरातली. खरं सांगतो, मला वहिनींचा रागच यायचा.

तेरवीनंतर पंधराएक दिवसांनी त्यांनीच मला बोलावलं. ‘‘लावा तो सिनेमा.’’ पडद्यावर दिगू भाकर चुरून खात होता. वहिनी पदर तोंडाशी धरून बघत होत्या. ‘‘किती मस्त काम केलं जी यायनं... मी येडी, तवा नाही पायलं.’’ मग पोलिसांची गाडी त्याच्या दाराशी येऊन थांबली, आणि वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

‘‘थांबवा भाऊजी. मागं घ्या. आज नका नेऊ त्यायले.’’

आता दर रविवारी मी अमरावतीला जातो. सिनेमा लावतो आणि पोलीस यायच्या आधी बंद करतो. त्यांना दिगू अजून सापडलेला नाही.