दुसरा राउटर

चऱ्होलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आतल्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं, आणि दुपारी तिथूनच बायकोचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. मोडेमला दुसरा राउटर जोडायला आलेल्या माणसाने सेटिंग उघडलंसुद्धा नाही. खांद्याने फोन कानाशी दाबून त्याने वायर दिसेल त्या भोकात खुपसली. हॉलमधलं चालू नेटही गेलं.

"लॅपटॉप खराब हाय तुमचा," म्हणत त्याने स्वतःच्या मोबाईलवर कुस्तीचा व्हिडिओ लावला. "बघा राव, कसं पळतंय."

मी मोबाईल हातात घेतला. त्याचं वायफाय बंदच होतं; व्हिडिओ त्याच्या सिमवर पळत होता. तसं म्हटलं, तरी त्याचा चेहरा लग्नात जेवून उठलेल्या पाहुण्यासारखा निवांत.

"आमच्या घरी आमी सिमच वापरतो," तो म्हणाला. "ह्या डब्यांचा काय भरवसा न्हाई."