भूल आणि माहेरचं नाव

माझ्या थोरल्या जावेच्या पोटात गोळा झाला होता. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. यावलकडच्या आमच्या गावाहून तिला बसने जळगावच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि सोबतीला मला ठेवलं. माझी दोन पोरं घरी होती, केळीच्या बागेत कामं पडली होती. मी काही हौसेने राहिले नव्हते.

चार दिवस ती शांत होती. पोट कापणार म्हटल्यावरही तिने "कापू द्या" एवढंच म्हटलं. पाचव्या दिवशी नर्सबाई सांगून गेल्या की उद्या सकाळी भूल देणार, आता काही खायचं नाही. तेव्हा जाऊ खाटेवर उठून बसली, ती काही केल्या आडवी होईना.

शहरात भूल म्हणजे औषध. आमच्याकडे भूल सातपुड्याच्या रानात पडते. लाकडं आणायला गेलेल्या माणसाचा पाय एका वेलीवर पडतो आणि मग तो त्याच झाडांभोवती फिरत राहतो, घर सापडत नाही. घरच्या कोणी नावाने हाक मारली तरच भूल उतरते. जावेचा काका असाच गेला. मागे हाक मारणारं कोणी नव्हतं, तो परत आलाच नाही. तिला वाटलं, नर्सबाई तीच भूल घालणार.

मलाही त्यातलं नीट ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असल्यासारखी मी हसले. म्हटलं, अक्का, घरात मिठाचं गाडगं सापडत नाही तुम्हाला, वेगळी भूल कशाला पाहिजे. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. जाऊ हसली नाही. थोड्या वेळाने तिने माझा हात धरून जवळ ओढलं.

"मले आत नेतीन तवा दारातून हाक मारजो. माहेरच्या नावानं. सासरच्या नावानं मी परत फिरनार नई."

बारा वर्षं आम्ही एका चुलीवर जेवत होतो आणि तिचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. तिने ते कानात सांगितलं. मी हो म्हटलं, ते तिने एकदाचं झोपावं म्हणून.

सकाळी तिला न्यायला आले. व्हरांड्यात माणसंच माणसं. आमचे असोद्याचे सोयरे आलेले आणि त्यांच्यात थोरले दीर. त्यांच्यासमोर मी कधी मोठ्याने बोलले नव्हते, आणि त्यांच्याच बायकोला नावाने हाक कशी मारायची? दाराशी तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला. दार लागलं.

गोळा निघाला. दुपारनंतर तिने डोळे उघडले आणि पाण्याच्या आधी विचारलं, "मारली व्हती ना हाक?"

मी हो म्हटलं.

"आयकू आली मले. म्हनून तं आली."

तेव्हाच सांगायचं होतं. टाके ओले आहेत, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. तोवर तिने विहिरीवरच्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं, "माह्या जावेनं मले परत आनलं." पूर्वी माझ्या कामात दहा चुका काढायची, ते बंद झालं. लोण्याचा पहिला गोळा माझ्या पोरांच्या भाकरीवर पडू लागला. मी तो पडू दिला.

दोन वर्षांनी तिच्या बहिणीचं ऑपरेशन धुळ्याला ठरलं. माझी हाक लागू पडते म्हणून जावेने मलाच नेलं. तिथे मी दारात उभी राहून त्या बाईचं नाव घेऊन अशी ओरडले की नर्सने मला पार अंगणात काढलं. दोन माणसं हसली. बाकी काही झालं नाही. लाज म्हणून जिला घाबरले होते, ती एवढीच होती.

जाऊ पायरीवर बसून डोळे पुसत होती. म्हणाली, "माह्या वक्ताले बी अशीच मारली व्हती ना?"

"अशीच," मी म्हटलं.

त्यानंतर ती वीस वर्षं जगली. सांगायला वेळ मिळाला नाही, असं मला म्हणता येत नाही.