दाणाभर सावली

सदाभाऊ गेल्याचं मला मानपाड्याच्या कारखान्याच्या फाटकातच कळलं. वॉचमन म्हणाला, "मालन, आज तुझ्या भाऊंचा चहा टाकू नकोस." मी विचारलं, "सुट्टी का?" त्याने डोक्यावरची टोपी काढली... तेव्हा समजलं. दीड महिना झाला. मी चौथी शिकलेली, तिथे केर काढते, चहा करते. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून हे वहीत लिहितेय.

आमच्याकडे मोठ्या डिश उपग्रहाकडे वळवणाऱ्या मोटारी तयार होतात. गच्चीवर लोखंडी माच्यावर, म्हणजे खांबांवरच्या चौथऱ्यावर, एक जुनी डिश आहे, प्रत्येक मोटार आधी तिला लावून बघायची. ते काम भाऊंचं. ते कोपरीहून यायचे आणि अकराच्या सुमाराला वर चढायचे. त्यांनीच मला समजावलं होतं, की डिशला कुठे बघायचं ते आकड्यांत सांगतात, पण ती नेमकी तिथे बघत नाही. स्वतःच्या वजनाने वाकते, तिचा खांब जरा कललेला असतो. मग प्रत्येक दिशेला चूक किती ते मोजून तक्ता करायचा आणि तेवढं उलटं वळवायचं. मोजायला त्यांचा सूर्य होता. डिशच्या तोंडासमोर तीन दांड्यांवर एक डबी असते. डिश नीट सूर्याकडे वळली की डबीची सावली बरोब्बर मधल्या खुणेवर पडते. भाऊंना जवळचं दिसेना, तेव्हापासून सावली मी माच्यासमोर गच्चीवर उभी राहून बघायचे.

"सांग गं, कुठाय?"

"दाणाभर डावीकडे."

"तांदळाचा दाणा ना? शेंगदाणा म्हणशील तर मेलो! इथला दाणा म्हणजे तिकडे आभाळात ठाणे ते पुणे."

माझ्याशी असं हसून बोलणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

शेवटच्या वर्षात ते वाळत गेले. शर्ट अंगावर लोंबायचा. त्याच दिवसांत सावली सरकायला लागली. आधी दिसेल न दिसेल अशी, मग कणीभर. भाऊंनी मोटार उघडली, चाकांचे दात तपासले, बोल्ट आवळले. सावली तिथेच. एकदा खाली बसून म्हणाले, "मालन, यंत्र खोटं बोलत नाही. माझाच हात गेला बहुतेक." पुढच्या आठवड्यात ते आलेच नाहीत.

त्यांच्या जागी केदारसर आले. ते खालूनच कॉम्प्युटरवर डिश फिरवतात. पहिल्या दिवशी मी वर एकटीच होते. भर दुपार, वारा पडलेला. मोटार गुरगुरली, डिशने मान वळवली, थांबली... आणि सावली पूर्ण दाणाभर बाजूला. माच्याच्या ज्या कोपऱ्यात भाऊ उभे राहायचे, त्यापासून तिने तोंड फिरवल्यासारखं वाटलं.

केदारसरांनी भाऊंच्या तक्त्यावर तीन दिवस मोजलं, दाणाभरच. शेठ भडकले. "म्हणजे इतकी वर्षं म्हाताऱ्याने चुकीच्या तक्त्यावर माल पास केला?" ऑफिसात लावायला भाऊंचा फोटो फ्रेम करून आणला होता. शेठ म्हणाले, "राहू दे तो कपाटात."

मी चहाचा ट्रे धरून उभी होते. तो टेबलावर ठेवला. मी म्हणाले, "शेठ, भाऊ तिथे उभे असायचे."

"कुठे?"

"माच्यावर, कोपऱ्यात. डिश फिरवायचं बटण तिथेच होतं, वायर आखूड. तिथला रंग त्यांच्या पायांनी गेलाय. मी रोज झाडते ना."

केदारसर धावत वर गेले, मागोमाग मी. "मावशी, तुम्ही उभ्या राहा बरं तिथे." मी त्या उडालेल्या रंगावर पाय ठेवले. सावली हलली, पण पोचली नाही. मग सर माझ्या शेजारी वाळूच्या पिशव्या ठेवत गेले, सावली खुणेवर येईपर्यंत. जुना माचा वजनाने वाकत होता, आणि भाऊंच्या तक्त्यात भाऊंचंच वजन धरलेलं होतं. ते वाळले तसा माचा वर आला, तशी सावली सरकली. हात गेला नव्हता, माणूस हलका होत होता... हे त्यांना सांगायला मात्र उशीर झाला.

शेठनी फोटो स्वतः खिळा ठोकून लावला. केदारसरांनी माचा रिकामा ठेवून नवा तक्ता केला. सावली बघायला कॅमेरा बसवला. आता सावली मधोमध पडते, फक्त त्या कोपऱ्यात कुणी उभं राहायचं नाही.

परवा बाराच्या सुमाराला केदारसर कॉम्प्युटरसमोर बसूनच वर ओरडले, "मावशी, त्या कोपऱ्यातून बाजूला व्हा ना! मोजतोय मी."

मी त्यांच्या मागेच उभी होते, चहा घेऊन. गच्चीला कुलूप होतं, किल्ली माझ्या कमरेला होती.

सर वळले. मला बघून त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. मी सरांना कधी काही विचारत नाही, त्या दिवशी विचारलं, "किती सरकली?"

"दाणाभर... पूर्ण दाणा."

कणी कमी नाही. म्हणजे भाऊंचं अंग भरलंय परत. मला भीती वाटली नाही. मी कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "थांबा जरा, सर. एक वाजता डबा खायला उतरतात ते."