बोट सोनेरीवर, जीव काळ्यावर

माझी थोरली बहीण दुकानात शिरली की जुने दुकानदार आधी घोटभर पाणी पिऊन घेतात आणि मग "या ताई" म्हणतात. ती ताई माझी, पण आता साऱ्या बाजाराचीच ताई झाली आहे, आणि बाजार काही हौसेने तिचा भाऊ झालेला नाही. पंखेवाल्याला तिने एकदा इतकं दमवलं की शेवटी तो स्वतःच खोक्यावर बसला आणि वारा घेऊ लागला. दातांच्या डॉक्टरलाही तिने सोडलेलं नाही. "एक काढायचे एवढे, मग दोन काढले तर किती कमी कराल?" असं तिने विचारलं. डॉक्टरने कमी केले. दुसरा दात माझा होता. मी फक्त सोबत गेलो होतो.

ताई पडदे शिवते. टायरच्या दुकानावरच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे गठ्ठे आणि भिंतीला टेकवलेले पडद्यांचे दांडे. मापाची फीत कायम गळ्यात. दिवसभर गिऱ्हाइकं तिच्याशी घासाघीस करतात आणि संध्याकाळी ती त्याचं उट्टं बाजारावर काढते.

तिची एक पद्धत आहे. जी वस्तू हवी तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. जी नको तिच्यावर असा जीव टाकायचा की दुकानदाराला वाटावं, ही बाई आता ते घेतल्याशिवाय हलत नाही. मग त्या नकोशा वस्तूला अशक्य भाव सांगायचा. तो ओरडणार, ही चढणार, तो चार पावलं खाली येणार, ही एक पाऊल वर जाणार. माणूस पुरता थकला की सहज म्हणायचं, "जाऊ द्या, तो कोपऱ्यातला कितीला देता?" थकलेला माणूस पटकन कमी सांगतो, असा तिचा अनुभव.

पण या सगळ्या लबाडीत एक गोष्ट तिने पाळली होती. आपण सांगितलेला भाव समोरच्याने मान्य केला, की माघार नाही. याचं कारण तिच्या खोलीतली लोखंडी ट्रंक. लोक भाव ठरवतात, ताई त्यांच्या खिडक्यांची मापं घेते, कापड कापते आणि मग निरोप येतो, "ताई, राहू द्या पडदे." ते कापलेले तुकडे त्या ट्रंकेत जातात. कुणाच्या खिडकीला न लागलेले पडदे. त्या माणसांबद्दल ताई जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिच्या मते जगात चोर परवडला, पण ठरलेला भाव मोडणारा नको.

आता माझ्या मुलीची गोष्ट. तिला घरी आम्ही मनी म्हणतो. तिला इमारतींचे नकाशे काढायच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला आणि कॉलेजने सांगितलं, लॅपटॉप हवा, आणि तोही नकाशांचा जड प्रोग्रॅम पेलणारा हवा. मनीने शोधशोध केली. रॅम, ग्राफिक्स कार्ड असं ती झोपेतही बडबडू लागली. शेवटी तिला एका दुकानात गेल्या वर्षीचं मॉडेल सापडलं. काळा, जाडजूड, वजनाला चांगलाच भारी. चार्जर तर विटेएवढा. पण काम करणारा, आणि एकच उरलेला.

"बाबा, याच्याहून स्वस्तातलं हे काम करणार नाही, आणि याच्याहून महागातलं आपल्याला झेपणार नाही," ती म्हणाली. "हा गेला तर मी पहिलं वर्ष दुसऱ्याच्या मशीनकडे बघत काढणार."

एवढं ऐकून मी गुपचूप जाऊन तो घेऊन यायला हवा होता. पण ताईने भाचीसाठी अर्धा वाटा उचलला होता. "अर्धे पैसे माझे," ती म्हणाली, "म्हणजे बोलणं पूर्ण माझं."

आदल्या दिवशी आमच्या घरी रीतसर तालीम झाली. चहाचा ट्रे भिंतीला टेकवून ठेवला, तो लॅपटॉप. मी दुकानदार. मनीचं काम छताकडे बघत कंटाळण्याचं. ताईने ट्रेवर टिचकी मारली आणि असा काही भाव सांगितला की मला दया आली. मी म्हटलं, "बरं, घ्या."

"अरे असा कसा मान्य करतोस?" ताई कडाडली. "दुकान चालवायचंय की मोडायचंय? कुठला दुकानदार पहिल्या झटक्यात हो म्हणतो? परत!"

मनी मध्येच म्हणाली, "आत्या, तिथे भाव लिहिलेला असतो. आणि तो त्यांनी आधीच उतरवलाय. मी सगळीकडे बघितलंय."

"लिहिलेला भाव म्हणजे नुसती सुरुवात असते, मने. आणि शिकाऊ माणसाने मध्ये बोलू नये."

माझी बायको दारातून हे बघत होती. "ट्रे उद्या लागेल मला," एवढंच म्हणून ती आत गेली. आमच्या घरात शहाणपण हे असं दारातून येतं आणि आत निघून जातं.

दुकान लहानसं होतं. पुढे मोठी काच, त्यातून येणारं ऊन थेट मांडलेल्या खोक्यांवर. काउंटरमागे तिशीची एक बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. समोर उघडा पडलेला कीबोर्ड. तीच मालकीण, आणि तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ताईला हे आवडलं. तोडीस तोड भेटली, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

काळा लॅपटॉप डाव्या कोपऱ्यात होता. अर्थातच ताई उजवीकडे वळली. तिथे एक सोनेरी लॅपटॉप होता. पातळ, चकचकीत, दागिन्यांच्या पेटीत शोभेल असा. मनीने त्याच्याबद्दल आधीच सांगितलं होतं की दिसायला गोड आहे, पण त्यात नकाशाचा प्रोग्रॅम उघडला तर तो जागीच मान टाकेल.

"अगं बाई! काय देखणा आहे हा!" ताई म्हणाली. मनीने छत बघायला सुरुवात केली. मी ठरल्याप्रमाणे खोकलो.

ताईने तो उचलला, उघडला, मिटला, कानाशी नेला. "झाकण जरा ढिलं वाटतंय हो."

"आहे थोडं," चष्मेवाली म्हणाली.

ताई दचकली. असं उत्तर तालमीत नव्हतं. "रंग पण जाईल याचा."

"जाऊ शकतो."

ताईने घाईने हुकमाचं पान काढलं. लेबलावर होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी भाव तिने सांगितला, आणि कमरेवर हात ठेवून पुढच्या लढाईसाठी पाय रोवले.

चष्मेवालीने चष्मा नाकावर घेतला. लेबल बघितलं. ताईला बघितलं. आणि म्हणाली, "ठीक आहे."

ताईचं तोंड उघडं ते उघडंच. या ठिकाणी तालमीत ठरलेलं माझं वाक्य होतं, आणि सवयीने मी ते म्हटलं, "चल ताई, दुसरीकडे बघू."

"तिने हो म्हटलंय ना, मेल्या!" ताई दातओठ खात पुटपुटली.

चष्मेवाली तोवर सोनेरीचं खोकं शोधायला वाकली होती. "कोणी घेत नव्हतं हा," ती खालूनच म्हणाली. "बरं झालं, जातोय. बिल कोणाच्या नावाने करू?"

तेवढ्यात टोपी घातलेले एक गृहस्थ आत आले, सरळ डाव्या कोपऱ्यात गेले आणि त्यांनी काळा लॅपटॉप उचलला.

मनीने छत बघायचं सोडलं. तिने एकदा टोपीवाल्यांच्या हातांकडे आणि एकदा आत्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मला सगळी गंमत नकोशी झाली. इतके दिवस पोरीने एक-एक दुकान पालथं घातलं, आणि आम्ही दोघं म्हातारे तिचं पहिलं वर्ष एका नाटकात घालवायला निघालो होतो.

"सांग ना, नको म्हणून," मी ताईच्या कानात म्हटलं.

"भाव मी बोलले, धाकट्या," ती म्हणाली. गळ्यातली फीत तिने दोन्ही हातांनी ताणून धरली होती. तिच्या डोळ्यांपुढे ती ट्रंक उभी आहे, हे मला कळत होतं. बहिणीला मी आयुष्यभर चिडवलं आहे, पण तिची इतकी कीव मला कधी आली नव्हती.

मग ती काउंटरपाशी गेली.

"मुली," ती म्हणाली, "मी खोटं बोलले. हा सोनेरी मला नकोच होता. माझ्या भाचीला तो काळा हवाय. याचा भाव मी नुसता तुला दमवायला काढला. तू हो म्हणालीस आणि आता मी माघार घेतेय. मला काय बोलायचं ते बोल."

चष्मेवालीने खोकं खाली ठेवलं. "मग तसं आधीच सांगायचं ना, काकू," ती म्हणाली. "काळ्याचा भाव लिहिलाय तो."

"थोडं कमी करणार असाल तर मीच घेतो हा," टोपीवाले कोपऱ्यातून म्हणाले.

ताई गर्रकन वळली. "अहो, भाव लिहिलाय की त्यावर! वाचता येत नाही?"

टोपीवाल्यांनी काळा लॅपटॉप असा खाली ठेवला जणू तो तापला होता. ताईने पाकीट काढलं, माझ्याकडचे पैसे घेतले आणि लिहिलेला भाव लिहिल्याप्रमाणे चुकता केला. ना "वरचे सुटे राहू द्या", ना "सोबत पिशवी तरी द्या". पिशवी चष्मेवालीने आपणहून दिली.

बाहेर आल्यावर ताई दुकानाच्या पायरीवर बसली. मनी खोकं उराशी धरून तिच्या शेजारी.

"मी त्या ट्रंकेतल्या लोकांसारखी झाले रे," ताई म्हणाली.

माझ्याकडे टोमणा तयार होता. मी तो गिळला.

मनी आत्याला चिकटून बसली. "आत्या, तू नसतीस बोललीस तर हा गेला असता."

"मी नसते आले तर तुम्ही केव्हाच घरी पोचला असता," ताई म्हणाली. ते खरंच होतं.

मग तिची नजर मागे वळली. काचेवर ऊन पडलं होतं आणि आतल्या खोक्यांचे रंग विटले होते. ताई उठली. गळ्यातली फीत काढून तिने, आतून चष्मेवाली बघत असताना, त्या काचेचं माप घ्यायला सुरुवात केली.

मनीने नव्या लॅपटॉपवर काढलेला पहिला नकाशा कॉलेजचा नव्हता. तो त्या दुकानाच्या काचेचा आणि तिच्यावरच्या पडद्याचा होता, चुण्यांसकट. ताईने लॅपटॉपच्या स्क्रीनला नाक टेकवून तो तपासला आणि म्हणाली, "टीप सरळ आलीय." तिच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

पडदा लावायला आम्ही तिघंही गेलो. ताईने मला वाटेत सांगून ठेवलं होतं, शिलाई माफ, कापडाचे तेवढे घेईन. चष्मेवालीने दोरी ओढून पडदा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. खूश झाली. "किती द्यायचे, काकू?"

"छे छे, काही नको," ताई म्हणाली.

आता आपल्यात हे बोलल्यावर समोरच्याने "असं कसं, असं कसं" करायचं असतं. मग आपण पुन्हा नको म्हणायचं, त्याने हात धरायचा, आणि शेवटी अगदी नाइलाज म्हणून आपण पैसे घ्यायचे. ताई त्या "असं कसं"ची वाट बघत उभी राहिली.

"ठीक आहे," चष्मेवाली म्हणाली, आणि चष्मा डोक्यावर सरकवून पुन्हा स्क्रूड्रायव्हरकडे वळली.

रस्त्यावर येईपर्यंत मी हसू दाबलं. मनीने तेवढंही दाबलं नाही. "हिला व्यवहार कसा तो कळतच नाही!" ताई धुमसत होती, आणि चौकापर्यंत धुमसत राहिली. चौकात मात्र हळू आवाजात म्हणाली, "पण बरं आहे. एकदाच बोलावं लागतं तिच्याशी."

हे सगळं विसरल्यासारखं झालं असताना एके दिवशी मी ताईच्या खोलीत बसलो होतो. जिन्यातून एक बाई वर आली आणि दारातच अडखळली. तिच्या पडद्यांचं कापड ताईच्या मशीनवर, नुकतंच कापलेलं.

"ताई, कसं सांगू," ती म्हणाली. "ते घर आम्हाला मिळालं नाही. खिडक्याच राहिल्या नाहीत."

मी कात्री ताईच्या हाताशी नाही ना, ते आधी बघून घेतलं. ताईने त्या बाईकडे बघितलं. मग कापड उचललं, घडी घातली आणि ट्रंकेचं झाकण उघडलं.

"मग तसं सांगायला इतकं घाबरायचं कशाला?" ती म्हणाली. "ठीक आहे. घर मिळालं की या. तुमचं कापड इथेच ठेवते."

बाई गेली. ताईने झाकण लावलं, त्यावर बसली आणि माझ्याकडे वळली.

"हसतोस काय, धाकट्या? दातांच्या डॉक्टरकडे माझा दोन दातांचा जुना भाव अजून चालू आहे."