पायलट नानांचे पाहुणे

अख्ख्या खानदेशात आमच्या पायलट नानांचा पाहुणा लागत नाही, असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे विधान मी एक डॉक्टर म्हणून, पूर्ण शुद्धीवर राहून करते आहे. सहा वर्षं मी जळगावच्या रुग्णवाहिकेवर नानांबरोबर काढली. आमच्या खात्यात रुग्णवाहिकेच्या चालकाला पायलट म्हणतात. हे बारसं कुणी केलं ठाऊक नाही, पण नानांना ते नाव मनापासून आवडायचं. छातीवर 'पायलट' असं विणलेला गणवेश घालून ते धुळ्याकडच्या आपल्या गावी लग्नाकार्याला जात, आणि तिथली एक म्हातारी दर वेळी डोळ्यांवर हात धरून विचारायची, "इमान कोठे उभं करं रे?" आता पाहुणा म्हणजे काय, तेही सांगायला हवं. तिकडे सोयऱ्याला पाहुणा म्हणतात, मग तो घरी कधी येवो न येवो. मी कोकणातली. आमच्याकडे शेजारच्या माणसाशी सलगी व्हायला दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि भांडण झालं तर ती आधीच होते. त्यामुळे दिसेल त्याला पाहुणा करून टाकणाऱ्या या गृहस्थांचं काय करावं, हे मला पहिले सहा महिने कळत नव्हतं. याच पाहुण्यांपायी पुढे त्यांच्या हातचं स्टिअरिंग जायची वेळ आली.

कॉल आला की कंट्रोल रूममधून गाव, पत्ता, पेशंटचं वय असं सगळं सांगतात. नाना ते सगळं "हां, हां" करत ऐकायचे आणि मग पेशंटच्या नातेवाइकाला स्वतः फोन लावून पहिला प्रश्न विचारायचे, "तुमनं आडनाव काय शे?" दुसरा प्रश्न, मायचं माहेर कोणतं. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा गरज उरत नसे, कारण तोवर पलीकडचा माणूस त्यांच्या साडूच्या आत्याचा पुतण्या निघालेला असे आणि त्यांना घर सापडलेलं असे. पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, ग्रामपंचायत असल्या खुणा नानांना क्षुल्लक वाटत. एकदा नशिराबादला दम्याचा पेशंट होता. माणूस पन्नाशीचा, धाप अशी लागलेली की शब्द फुटत नव्हता. मी मास्क लावून त्याला औषधाची वाफ देत होते आणि तेवढ्यात मधल्या छोट्या खिडकीतून नानांचा आवाज आला, "दादा, मामाचं गाव कोणतं?" मी किंचाळले, "नाना, तो श्वास घेतोय!" पण त्या माणसाने माझा हात बाजूला सारला, मास्क उचलला आणि म्हणाला, "सोन... गीर." पुढून आनंदाचा चीत्कार उठला. "सोनगीर! ते तं मनंच गाव! मंग तू मना भाचाच लागस! घाबरू नको भो, गाडी मामा चालाडी राहिना." आणि खोटं कशाला सांगू, पुढच्या दोन मिनिटांत त्याची नाडी उतरायला लागली. ती माझ्या औषधाने उतरली असं मी अहवालात लिहिलं. नानांचं वेगळं मत होतं. नातं लावून सोडून देणाऱ्यांतले ते नव्हते. त्याच माणसाच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा नाना रजा टाकून, रीतसर मामाचा आहेर घेऊन गेले, आणि दोन दिवस आमच्याकडे बदली पायलट होता.

रुग्णवाहिकेत पेशंटबरोबर एक नातेवाईक बसतो, असा नियम आहे. नियम करणाऱ्याने खानदेश पाहिलेला नसावा. इथे एका पेशंटमागे अकरा जण चढतात, बारावा स्टेपनीची चौकशी करतो आणि तेराव्या बाई चहाचा ट्रे घेऊन धावत येतात, कारण दारात आलेली गाडी बिनचहाची गेली तर घराची अब्रू जाते. ही गर्दी खाली उतरवणं म्हणजे दह्यातून मीठ वेचणं. मी नियम सांगायचे, तर सगळे मान डोलवायचे आणि आणखी आत सरकून बसायचे. नाना मात्र मानपानाने घेत. "जावईबापू, तुम्ही मोटारसायकलवर पुढे व्हा, तुमच्याशिवाय तिथे कागदं कोण करेल? काकू, तुम्ही घर सांभाळा. मेहुण्याला मागे बसवतात होय? उतरा, उतरा." ज्याला उतरवलं त्याला आपली बढती झाल्यासारखं वाटायचं. चहावाल्या बाईंना ते हात जोडून म्हणायचे, "च्या मंग पिसूत, अक्का, आते पाहुनाले पोहचाडू दे." आणि आश्चर्य म्हणजे अक्का ऐकायच्या.

सायरनवर मात्र त्यांचा राग होता. त्यांचं म्हणणं, सायरन ऐकला की लोक बाजूला होत नाहीत, बघायला थांबतात. पहूरला ऐन लग्नसराईत आमच्यापुढे वरात आडवी आली. आत अपेंडिक्सने कळवळणारा एक ट्रॅक्टरवाला, पुढे घोड्यावर नवरदेव, आणि मध्ये नाचणारी शे-दीडशे मंडळी. मी मधल्या खिडकीतून सायरनच्या बटणाकडे हात नेला, तो नानांनी धरला. खाली उतरून ते गर्दीत घुसले, नवरदेवाच्या काकांना मिठी मारली, काहीतरी बोलले, आणि बघता बघता बँडवाले आमच्या गाडीपुढे दोन रांगा करून उभे राहिले. मग ते वाजवत वाजवत पुढे चालले आणि आम्ही मागून. गर्दी आपोआप फुटत गेली. हायवेपर्यंत आमची वरात निघाली, आणि मागे नवरदेव बिनवाजंत्रीचा घोड्यावर ताटकळत राहिला. पेशंट पोट धरून हसत होता आणि हसलं की दुखतंय म्हणून रडत होता. "मना लगीनले बी एवढं वाजेल नही," असं तो मला म्हणाला.

पण आमच्या साहेबांच्या हे पचनी पडलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही मला म्हणता येत नाही. गाडीत आता पुढच्या काचेपाशी टॅबलेट बसवलेला असतो. तो रस्ता दाखवतो, आणि गाडी कुठे किती मिनिटं थांबली तेही वर कळवतो. फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं. पेशंटला धाप लागलेली असताना त्याच्या घरच्यांना मायचं माहेर विचारलं, ही पहिली लेखी समज. वरातीत गाडी चालण्याच्या वेगाने नेली, ही दुसरी. तिसरी आली की नाना गाडीवरून खाली, आणि स्टोअरमध्ये सलाइनची खोकी रचायला. त्या दिवसापासून नानांच्या चेहऱ्यावरचा रंग थोडा उडाला. "ताई," ते मला म्हणाले, "स्टोअरम्हा पाहुना कोन येई?" महिनाभर ते टॅबलेट सांगेल तसे वळत होते. टॅबलेटमधली बाई "शंभर मीटरवर डावीकडे वळा" म्हणाली की नाना "हो ताई" म्हणायचे. मला ते बघवत नव्हतं.

आणि मग तो दुपारचा कॉल आला. पारोळ्याच्या अलीकडे, धुळे रस्त्याला लागून असलेल्या एका गावातून. त्या भागातल्या दोन्ही गाड्या आधीच बाहेर गेलेल्या होत्या आणि आम्ही एक पेशंट सोडून तिकडून परत येत होतो, म्हणून तो आमच्याकडे आला. छातीत दुखतंय, घाम सुटलाय, वय पासष्ट, पाटील आबा. कंट्रोल रूमची मुलगी पुढे शेतातलं घर, गावाच्या पलीकडे वगैरे सांगत होती, पण 'पाटील आबा' आणि गावाचं नाव एवढं कानावर पडताच नानांचा महिनाभराचा उपास सुटला. "अरे, ते तर माझ्या मेहुणीचे सासरे! डोळे मिटून नेतो, ताई!" टॅबलेटमधली बाई उजवीकडे वळा म्हणत राहिली आणि नाना डावीकडे, सरळ गावात शिरले.

ओसरीवर आबा भरीत-भाकरी खात बसले होते. आम्ही स्ट्रेचर घेऊन धावलो तसे ते चक्रावून म्हणाले, "मले काय व्हयनं? मी तं जेवी राहिनू!" पण त्यांच्या घरची माणसं हर्षाने वेडी झाली. म्हातारा तीन महिने तपासणीला चला म्हटलं तरी हलत नव्हता म्हणे. "आबा, गाडी दारपुढे येल शे, आते तरी चाला!" असं म्हणत मुलाने त्यांचे पाय धरले, सुनेने ताट काढून घेतलं, आणि मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टाही गुंडाळला. बीपी माझ्यापेक्षा चांगलं होतं. छातीत दुखत नाही, घाम नाही, तक्रार एकच, की भरीत राहून गेलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडे एक बाई रडत होती. गाडी कुठे आहे, आबा बोलायचे थांबलेत.

गावात पाटील आबा दोन होते. सख्खे चुलतभाऊ. नानांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. गणवेशाच्या आत माणूस एकदम लहान झाला. नऊ मिनिटं गेली होती. त्या शेताला जायचं तर पुन्हा हायवेला लागून मोठा वळसा होता, म्हणजे आणखी पंधरा मिनिटं. जवळून एक बैलगाडीचा रस्ता होता, पण त्यावर लोखंडी फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. फाटक या आबांचंच. वीस वर्षांपूर्वी बांधावरून वाजलं तेव्हा त्यांनी चुलतभावाचा रस्ता अडवला होता, आणि तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांना फक्त कोर्टात भेटत होती. नानांनी या वेळी नातं लावलं नाही, मानपान केला नाही. आबांसमोर हात जोडून नुसते उभे राहिले. आबांनी हात धुतले. कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली चाचपली. "त्याना दारशी मी वीस वरीसपासून गयेल नही," ते पुटपुटले, आणि माझ्या आधी गाडीत चढून बसले.

फाटक उघडायला वेळ लागला, कारण कुलूप गंजलं होतं. शेवटी आबांची किल्ली फिरली, पण कडी निघेना, तेव्हा नानांनी जॅकच्या दांड्याने ती उचकटली आणि कपाशीच्या मधून गाडी अशी काढली, की माझं डोकं दोनदा टपावर आपटलं. दुसरे आबा अंगणात खाटेवर होते, राखेसारखे पांढरे. गोळी, ऑक्सिजन, ईसीजीची पट्टी, सगळं मी भराभर केलं. धुळ्याच्या वाटेवर त्यांनी डोळे उघडले तेव्हा शेजारी वैरी बसलेला दिसला. मास्कच्या आतून विचारलं, "फाटक कोनी उघाडं?"

"मी."

"काबरं?"

"तू मरी गया तं मी भांडसू कोनासंगे? मंगळवारे तारीख शे आपली. मरू नको."

आबा वाचले. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. पुढे कळलं की फाटकाला नवं कुलूप लागलं; अब्रूचा प्रश्न होता. फक्त त्याची दुसरी किल्ली कुणाच्या तरी हाती चुलतभावाच्या घरी जाऊन पोहोचली.

चौकशी झाली. मी तीन पानी अहवाल लिहिला. नाना आधी गावात गेले म्हणूनच फाटक उघडलं आणि वळसा वाचला, नकाशाने गेलो असतो तर तेवढाच वेळ लागला असता, हे मी मिनिटं मांडून सिद्ध केलं. साहेबही सोडून द्यायला तयार झाले. पण नानांनी आपल्या जबाबात दोन ओळी लिहिल्या. 'पत्ता पूर्ण सांगितला जात होता, मी तो ऐकून घेतला नाही. मला गाडीवरून उतरवावं.' मी त्यांच्यावर चिडले, खूप बोलले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही खरं लिहिलं, पण मी त्या वेळी काही फाटकाचा विचार केला नव्हता. मी चुकलोच होतो. आबांच्या किल्लीने निभावलं. पुढच्या वेळी कुणाच्या करगोट्याला किल्ली नसली, मंग? बाई रडत व्हती ना फोनवर. मले रातदिन तेच ऐकू येस." स्टोअरची नोकरीही त्यांनी घेतली नाही. गावी जातो म्हणाले, थोडं वावर आहे, शेती करतो.

आपल्याकडे घरून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. नानांचं याबाबतीत एक व्रत होतं, ते मला शेवटच्या दिवशी उमगलं. सहा वर्षांत कुठल्याही दारातून, कुठल्याही दवाखान्यातून निघताना त्यांनी तो शब्द, त्यांच्या बोलीतलं 'येस', उच्चारला नव्हता. लोक "या बरं का नाना" म्हणायचे आणि नाना नुसते हात जोडायचे. रुग्णवाहिकेवाल्याने कुणाच्या दारात 'येतो' म्हणू नये. त्या संध्याकाळी त्यांनी गणवेश घडी करून माझ्या सीटवर ठेवला. साध्या सदऱ्यात ते कुठल्याही गावातले कुठलेही नाना दिसत होते. माझा निरोप घ्यायला वळले, तेव्हा मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "येस, ताई."