कूस बदलण्याचा तक्ता

पुरुष विभागातल्या मोठ्या सिस्टरांना सिस्टर म्हणवून घ्यायची इतकी सवय झाली होती, की त्यांना दुसरं काही नाव असेल हे लोक विसरूनच गेले होते. एकदा नवऱ्याला ताप भरला, तेव्हा त्यानेही पलंगावरून "सिस्टर" अशीच हाक मारली आणि त्यांनी स्वयंपाकघरातून "आले" म्हणून ओ दिली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. इमारतीतल्या कुणाला रक्तदाब मोजून हवा असला, की तो त्यांना जिन्यातच गाठून बाही वर करी.

नोकरी सत्तावीस वर्षांची. त्याशिवाय दर गुरुवारी पहिल्या वर्षाच्या मुलींना 'व्यावसायिक मूल्ये' हा विषय शिकवायचा. परिचारिका ही रुग्णाचा आवाज असते, केलेलं तेवढंच लिहावं, असं सगळं त्या विषयाच्या पुस्तकात होतं आणि सिस्टरांचा त्यावर विश्वास होता. हा या धंद्यातला जुनाट आजारच. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, पुस्तकातल्या पेशंटच्या शेजारी दुसरा पेशंट नसतो का?" वर्ग हसला. सिस्टरही हसल्या आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.

विभागात पेशंट चौतीस. त्यातल्या नऊ जणांना स्वतःहून कूस बदलता येत नसे. अशा माणसाला दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीची कातडी कुजते. त्यासाठी प्रत्येकाच्या पायथ्याशी चौकोनांचा एक तक्ता टांगलेला असे. वळवलं की चौकोनात टिक. वळवायला दोन माणसं लागतात आणि पाळीला सिस्टर दोनच, त्यातली एक कायम औषधांच्या मागे किंवा फोनवर. म्हणून पद्धत अशी पडली होती, की पाळी सुरू झाली की एका फेरीत पाळीभराच्या सगळ्या टिका मारून मोकळं व्हायचं. आळस म्हणावा तर तसंही नाही. टिका मारण्यात सगळ्यांत चपळ असलेली बारीक सिस्टर ड्यूटी संपल्यावर तासभर थांबून म्हाताऱ्यांची नखं कापत बसे.

मोठ्या सिस्टर मात्र वळवलं तिथेच टिक करत. जमलं नाही तो चौकोन रिकामा. बाकीच्या जणी त्यांचा हा स्वभाव घोरण्यासारखा चालवून घेत.

सोळा नंबरच्या शिंपीकाकांचं अर्धं अंग गेलं होतं. बाराव्या दिवशी त्यांच्या माकडहाडावर जखम दिसली. "केवढी आहे?" काकांनी विचारलं. सिस्टरांनी बोटांनी दाखवलं. "म्हणजे कोटाच्या बटणाएवढी," काका म्हणाले. "शर्टाचं असतं तर चाललं असतं." त्यांच्या मुलाला विनोद कळला नाही. त्याने तक्रार केली, पंधरा दिवसांची रजा काढली आणि बापाच्या उशाशी स्टूल टाकून बसला.

चौकशी समिती बसली. बारा दिवसांच्या तक्त्यांत रिकामे चौकोन एकाच पाळीत होते.

मेट्रन सिस्टरांच्याच बॅचच्या. केबिनचं दार उघडं असलं की "सिस्टर, तुम्ही", बंद झालं की "अगं ए". त्यांनी उठून दार बंद केलं.

"अगं ए, पेन आहे ना? निळं? भर ते अकरा चौकोन."

"केलं नाही ते कसं भरू?"

"कुणी केलंय गं? तू काय आणि मी काय, विभागात असताना मीसुद्धा..." मेट्रनांनी पुढचं गिळलं. "समितीच्या फॉर्मवर दोनच रकाने आहेत. 'काम केले, नोंद राहिली' आणि 'काम केले नाही'. पहिल्यावर खूण कर आणि घरी जा."

"माणसं कमी होती, याचा रकाना?"

"तो छापलेला नाही."

"आणि बाकीच्या पाळ्या?"

"बाकीच्या तुझ्याइतक्या मूर्ख नाहीत," मेट्रन म्हणाल्या आणि मग आवाज खाली आणला. "त्यांचं खोटं म्हणालीस, तर एकजात सगळ्या जातील. नखं कापणारी सगळ्यात आधी. बोलतेस?"

सिस्टरांनी फॉर्म पुढ्यात ओढला. खरं बोलावं तर दुसऱ्यांच्या पोटावर पाय, खोटं बोलावं तर गुरुवारी वर्गात तोंड कुठल्या बाजूला करायचं? त्यांनी दुसऱ्या रकान्यात खूण केली आणि दुसऱ्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही.

निकाल लागला. जखमेला जबाबदार त्या एकट्या. लेखी ताकीद मिळाली. त्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला तो परत आला, सेवापुस्तकात शेरा असल्यामुळे दोन वर्षं विचार होणार नाही. कर्मचारी अपुरे असल्याने बदली करता येत नाही, असंही त्याच पत्रात लिहिलं होतं. म्हणजे तेवढं समितीला माहीत होतं. सोळा नंबर त्यांच्याकडून काढून बारीक सिस्टरला दिला.

"तुम्हीच ना त्या?" मुलाने त्यांना वाटेतच अडवलं. "लेखी दिलंत म्हणे. बाकीच्या सगळ्या वळवतात, तुम्हालाच काय धाड भरली होती?"

"नाही जमलं," सिस्टर म्हणाल्या. "चुकलं."

चार दिवस तो त्यांच्याशी बोलला नाही. बापाच्या उशाशी नुसता बसून राहिला आणि बसून राहिल्यावर माणसाला दिसायला लागतं. पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर सलाईनची बाटली घेऊन जात असताना त्याने हाक मारली. या वेळी आवाज बारीक होता.

"सिस्टर, किती वाजले?"

"साडेदहा."

"मग बाराच्या आणि दोनच्या चौकोनात टिक कशी?" त्याने तक्ता हातात धरला होता. "मी सातपासून इथेच आहे. कुणी हात लावलेला नाही. त्या बारा दिवसांतसुद्धा असंच होतं का?"

पलीकडच्या खाटेपाशी बारीक सिस्टर कुणाला तरी भरवत होती. तिचा चमचा मध्येच थांबला.

मोठ्या सिस्टरांनी बाटली खाली ठेवली आणि चादर मागे सारली. "तिकडून धरा. खांद्याला नको, कमरेला."

"मी काय विचारतोय?"

"तीन म्हटलं की वळवायचं. एक, दोन..."

त्याने धरलं. काका "हळू रे" म्हणत डाव्या कुशीवर गेले. सिस्टरांनी पाठीशी उशी खोचली आणि जखम निरखून पाहिली. मुलगा अजून उत्तराची वाट बघत होता.

"आता उजवीकडे तुम्ही करून दाखवा," त्या म्हणाल्या. "आता दर दोन तासांनी तुम्हालाच करायचंय."